वीस किलोंच्या आत

साहेबांच्या टेबलावर तीन चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. एकाच टँकरमधून एकाच टाकीत उतरवलेल्या एकाच नायट्रोजनचं वजन त्या तिघींनी तीन प्रकारचं ठरवलं होतं. टँकरच्या मीटरची चिठ्ठी म्हणत होती, चार हजार किलो. वजनकाट्याची चिठ्ठी म्हणत होती, तीन हजार आठशे सत्तर. आणि कारखान्याच्या टाकीवरच्या, आतली पातळी दाखवणाऱ्या गेजवरून केलेला हिशेब तीन हजार सहाशे चाळीसवर येऊन बसला होता आणि तिथून हलायला तयार नव्हता.

"यातला खरा आकडा कुठला?" साहेबांनी विचारलं.

"तिन्ही खरे आहेत, साहेब," ग्रॅमकाका म्हणाले, आणि बोलल्याबरोबर त्यांना कळलं की आपण गप्प राहायला हवं होतं.

ग्रॅमकाका हे त्या कारखान्याचे स्टोअरकीपर. कारखाना वाटाणे गोठवण्याचा. सोललेले वाटाणे एका बाजूने पट्ट्यावर चढायचे, वरून त्यांच्यावर द्रवरूप नायट्रोजनचा फवारा पडायचा आणि दुसऱ्या बाजूने ते खड्यांसारखे टणटण वाजत पोत्यांत पडायचे. दर दहा दिवसांनी गॅस कंपनीचा टँकर येऊन टाकी भरून जाई आणि तो माल मोजून घेण्याचं काम बावीस वर्षं ग्रॅमकाकांकडे होतं. 'ग्रॅमकाका' हे नाव त्यांना कामगारांनी दिलं होतं आणि ते त्यांना आवडत असे. घरी आणलेली साखर ते दोनदा तोलायचे, एकदा पिशवीसकट आणि एकदा नुसती पिशवी. "लग्नाआधी मलाही असंच तोलून घेतलं होतंत का हो?" असं त्यांच्या बायकोने एकदा थट्टेत विचारलं होतं. त्यावर काका काहीच बोलले नाहीत, तेव्हापासून तिला तो संशय आहे.

साहेब नवे होते. येऊन तीनच आठवडे झाले होते आणि नव्या साहेबाला लागतो तसा एखादा घोटाळा पकडायला त्यांचे हात शिवशिवत होते.

"टाकीच्या गेजवर इतका कमी का दिसतोय?"

"टाकी भरत असताना आपला पट्टा चालूच असतो, साहेब. एकीकडून टँकर ओततो, दुसरीकडून वाटाणे ओढतात. म्हणजे कसं, आपण नळाखाली बादली लावलीय आणि घरातली चार माणसं त्याच बादलीत तांबे बुडवून पाणी नेतायत. मग बादली बघून नळातून किती आलं ते कसं कळणार?"

"मग तांबे मोजा."

"त्याला मीटर नाही, साहेब."

साहेबांनी गेजची चिठ्ठी बाजूला सारली. उरल्या दोन. मीटर आणि काटा यांच्यात एकशे तीस किलोंचा फरक होता.

"चार हजाराला वीस किलोंपर्यंत फरक चालतो," साहेब म्हणाले. "त्याच्या पुढे गेला तर माल कमी दिल्याची तक्रार जाते. पाच वाजता मी गॅस कंपनीला पत्र पाठवणार. तोपर्यंत नीट मोजून मला एकच आकडा आणून द्या. आणि एक सांगून ठेवतो. त्या टँकरचा ड्रायव्हर तुमचा साडू आहे, हे मला ठाऊक आहे. आकडा जुळवून आणलात तर त्याच पत्रात तुमचंही नाव जाईल."

ग्रॅमकाका बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

साडूची गोष्ट खरी होती. काकांच्या बायकोची धाकटी बहीण ज्याला दिली, तोच हा टँकरवाला. वीस वर्षं तो टँकर चालवत होता आणि आठवड्यातले पाच दिवस घराबाहेर झोपत होता. त्याच्या मुलीने लहानपणी चित्रात आई, आजी, मांजर आणि एक टँकर काढला होता, आणि टँकरकडे बोट दाखवून "हे बाबा" असं सांगितलं होतं. आता मात्र कंपनीच्या डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवायची एक जागा निघाली होती. सकाळी नऊला जायचं, संध्याकाळी सहाला घरी. अट एकच, तीन वर्षांत मालाबद्दल एकही तक्रार नको. निवड उद्या होती. आज सकाळीच काकांच्या बायकोने डबा हातात देताना त्यांना बजावलं होतं, "धाकटीच्या घरात वीस वर्षांनी दिवस चांगले यायचे आहेत. तुमच्या त्या ग्रॅमापायी काही झालं तर मी माहेरी जाईन."

काका भाबडेपणाने म्हणाले होते, "जे असेल ते मोजीन."

"तीच तर भीती आहे," बायको म्हणाली होती.

काट्यावर टँकर उभा होता आणि साडू त्याच्या सावलीत उकिडवा बसला होता. केबिनच्या खिडकीत काटेवाला होता. तो कमी बोलणारा माणूस. त्याचा काटा पाच-पाच किलोंच्या टप्प्याने आकडे दाखवायचा. वर्षानुवर्षं त्याच्यासमोर बसून काटेवाल्यालाही पाच किलोंच्या आतलं काही दिसेनासं झालं होतं.

"साडूबुवा, एकशे तीस किलो गेले कुठे?" काकांनी विचारलं.

"दादा, मीटरने चार हजार दिले. तुमच्या डोळ्यांदेखत दिले. मीटरची तपासणी गेल्याच महिन्यात झालीय."

"काटा तर म्हणतो तीन हजार आठशे सत्तर. भरलेला आलात तेव्हा चोवीस हजार आठशे साठ. उतरवून परत चढलात तेव्हा वीस हजार नऊशे नव्वद. उतरायला हवे होते वीस हजार आठशे साठवर."

"ड्रायव्हर एकदा गाडीत आणि एकदा बाहेर असं नाही ना झालं?" खिडकीतून काटेवाल्याने विचारलं.

"दोन्ही वेळा मी त्यांना चपलांसकट खाली उतरवलं होतं," काका म्हणाले. त्यांना अशा प्रश्नाचा रागच आला. "म्हणजे टँकरवर पहिल्या खेपेला नव्हतं असं एकशे तीस किलोंचं काहीतरी दुसऱ्या खेपेला होतं. ते शोधायचं."

साडूने मान खाली घातली आणि पायातल्या चपलेचा पट्टा उगाच नीट केला. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते टँकरभोवती फिरायला लागले होते.

पहिली वस्तू लगेच सापडली. मागच्या बाजूला निळा कॅन बांधलेला होता, पन्नास लिटरचा.

"हा येताना रिकामा होता?"

"हो. टाकीशेजारच्या नळावर भरून घेतला. प्यायला, तोंड धुवायला, काच पुसायला. पुढे लांब जायचंय."

"पन्नास लिटर म्हणजे पन्नास किलो!" काकांचा चेहरा फुलला. "राहिले ऐंशी. आणि हे काय?"

हे म्हणजे टँकरच्या पोटाखालचं नळ्यांचं वेटोळं. येताना ते नुसतं लोखंड दिसत होतं, आता त्याच्यावर हातभर जाडीचा पांढरा बर्फ चढला होता. माल उतरवताना त्या नळ्यांतून थंडगार द्रव जातो आणि हवेतली वाफ त्यांच्यावर गोठत जाते, असं साडूने समजावून सांगितलं.

"म्हणजे आमच्या कारखान्याच्या हवेतलं पाणी तुम्ही बर्फ करून घेऊन चाललाय?"

"घेऊन चाललो नाही, दादा. ते चिकटलंय."

"ते काट्याला कसं कळणार? हातोडीने पाडा."

"नळ्या तडकतील. इतक्या थंडीत त्या काचेसारख्या होतात."

मग काकांच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि ती इतकी सोपी आणि सुटसुटीत होती की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. कॅनमधलं पाणी बर्फावर ओतायचं. कॅन रिकामा होईल, बर्फ वितळेल, दोन्ही वजनं एकदमच जातील. साडू काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, पण काकांनी "ओता" म्हटल्यावर त्याने ओतलं. वीस वर्षं तो मोठ्या साडूचं ऐकत आला होता.

पन्नास लिटर पाणी ओतून झालं. काकांनी खिडकीकडे बघितलं.

"वीस हजार नऊशे पंच्याऐंशी," काटेवाला म्हणाला.

"काय? पन्नास किलो पाणी टाकलं आणि पाचच किलो उतरले?"

"बर्फ वाढलाय," काटेवाला म्हणाला.

काकांनी वाकून पाहिलं. बर्फ खरोखरच वाढला होता. मघाशी तो खरबरीत आणि पांढरा होता, आता गुळगुळीत होऊन चमकत होता आणि त्याच्या टोकांना हातहात लांबीच्या सुया लोंबत होत्या.

"नळ्या अजून थंड आहेत ना, दादा. वरून पाणी घातलं की तेही गोठतं."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात ओता."

ग्रॅमकाकांनी डोक्याला हात लावला. पन्नास लिटर पाणी कॅनमध्ये होतं तोपर्यंत ते निदान उचलून खाली ठेवता आलं असतं. आता तेच पाणी टँकरला दगडासारखं चिकटून बसलं होतं, आणि घड्याळात दोन वाजून गेले होते.

आता ऊन आणि वारा, दोनच उपाय होते. ऊन होतं. वाऱ्यासाठी काकांनी काटेवाल्याच्या केबिनमधला पंखा मागितला. काटेवाला त्या पंख्याकडे आणि मग काकांकडे असा बघत राहिला, जणू काकांनी त्याचा दातच मागितला होता. पण पंखा आला. तो टँकरखाली ठेवला, लांब वायर ओढली, बर्फ टपटप गळायला लागला. काका स्वतः स्टोअरमधून फडक्यांचा गठ्ठा घेऊन टँकरखाली सरपटत शिरले. गळलेलं पाणी काट्याच्या पत्र्यावर साचलं तर तेही वजनात धरलं जाईल, म्हणून ते थेंब न् थेंब पुसून बाहेर पिळत होते.

अर्ध्या तासाने त्यांनी खालूनच ओरडून विचारलं, "किती?"

"एकवीस हजार दहा."

"वाढलं?" काकांचा आवाज टँकरच्या पोटात घुमला. "अहो, वाढलं कसं? इतका बर्फ गळला!"

"काका," काटेवाला शांतपणे म्हणाला, "तुम्ही काट्यावर आहात. पंखाही आहे."

काका बाहेर आले. पंखा बाहेर आला. पिळलेल्या फडक्यांचा ढीगही आत राहिला होता, तो बाहेर आला. आकडा घसरत घसरत वीस हजार नऊशे तीसवर थांबला. काकांनी वही उघडली. कमी पडत होते सत्तर. बर्फ तर निम्म्याहून जास्त गेला होता, उरला असेल फार तर तीस-चाळीस किलो. म्हणजे अजून तीसेक किलोंचं काहीतरी या टँकरवर होतं, जे ओलं नव्हतं, गोठलेलं नव्हतं आणि सकाळी नव्हतं.

"केबिन बघू," काका म्हणाले.

"केबिनमध्ये काही नाही, दादा," साडू पटकन म्हणाला. "नुसती उकडते."

माणूस इतक्या पटकन बोलला की ग्रॅमकाकाच काय, कोणीही केबिनमध्ये चढलं असतं. सीटच्या मागे, ड्रायव्हर पाय पसरतो त्या जागी, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. काकांनी चादरीचा कोपरा हातात घेतला. मोरपिशी रंग, कडेला पांढरी फुलं, आणि एका कोपऱ्यात इस्त्रीचा त्रिकोणी डाग. तो डाग कसा पडला, कोणी पाडला आणि त्यावरून किती दिवस अबोला होता, हे सगळं काकांना पाठ होतं.

"ही माझ्या घरची चादर आहे."

साडू एक पाऊल मागे सरकला.

चादरीखाली बायकोचं शिलाई मशीन होतं. पायाने चालवायच्या लोखंडी स्टँडसकट.

काकांनी तिथेच केबिनच्या पायरीवर बसून साडूच्याच फोनवरून घरी फोन लावला.

"अहो, मिळालं का तिला मशीन?" पलीकडून बायको उत्साहाने म्हणाली.

"तू हे कधी चढवलंस?"

"तुमची टाकी भरून झाली आणि टँकर आपल्या वसाहतीच्या रस्त्याने वळून काट्याकडे निघाला ना, तेव्हा. दाराशीच आला. शेजारच्या दोघांनी हात लावला. धाकटी आता घरात शिवण करणार आहे, माझं मशीन नुसतं धूळ खात होतं. म्हटलं, दारात येणाऱ्या गाडीला मशीन जड नाही. पण तुम्हाला कळलं कसं? मी त्यांना शपथ घातली होती सांगायचं नाही म्हणून."

"अगं, काट्याने सांगितलं!"

"वीस हजार किलोंच्या गाडीत एवढंसं मशीन तुमच्या काट्याला दिसलं?" बायकोच्या आवाजात काट्याबद्दल आदर उमटला. "बाई! मग तो तुमच्यावरच गेलाय."

काकांनी फोन ठेवला. साडू हात जोडून खाली उभा होता.

"दादा, टँकरमध्ये खासगी सामान नेलं तर कंपनी लगेच कारवाई करते. हे मशीन कागदावर आलं तरी माझी जागा गेली. नाही आलं तरी माल कमी म्हणून गेली. मोठ्या ताई म्हणाल्या ठेवा, मी ठेवलं. त्यांना नाही कसं म्हणू?"

हे काकांना पटलं. त्यांनाही कधी जमलं नव्हतं. त्यांना आता मनापासून वाईट वाटायला लागलं होतं. साडू चोर नव्हता, काटा खोटा नव्हता, मीटर खोटं नव्हतं. कारखान्याचा नळ, कारखान्याची हवा आणि स्वतः काकांचं घर, एवढ्या तिघांनी मिळून टँकर जड केला होता.

दोघा साडूंनी मशीन खाली उतरवलं. काकांनी ते वाटाण्यांच्या काट्यावर ठेवून तोललं, कारण न तोलता एखादी वस्तू हलवणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. छत्तीस किलो चारशे ग्रॅम. मग ते स्टोअरमध्ये पोत्यांच्या मागे लपवलं. बावीस वर्षांत नोंद न होता त्या स्टोअरमध्ये शिरलेली ती पहिली वस्तू. दार ओढून घेतल्यावर काकांनी कडी दोनदा तपासली.

काट्यावर आता वीस हजार आठशे पंच्याण्णव दिसत होतं. सव्वाचार वाजले होते.

"पस्तीस कमी," काका म्हणाले. "हा सगळा बर्फ. तो गेला की झालं."

तिघं जण खुर्च्या टाकून बसले आणि बर्फ गळताना पाहू लागले. नव्वद झाले. पंच्याऐंशी झाले. एवढ्यात टँकरच्या डोक्यावर कुठेतरी 'फुस्स्स' असा आवाज झाला आणि पांढऱ्या धुक्याचा एक लोट वर उठला. काका खुर्चीतून उडालेच.

"काही नाही, दादा. सेफ्टी व्हॉल्व्ह. उन्हात इतका वेळ उभा राहिला की आतल्या द्रवाचा गॅस होतो, दाब वाढतो, मग तो जादाचा गॅस सोडून देतो."

"वीस हजार आठशे ऐंशी," काटेवाला म्हणाला. "वीस कमी. छापू?"

"वीसच्या आत पाहिजे. वीस म्हणजे आत नव्हे, वीस म्हणजे उंबरठ्यावर."

फुस्स्स.

"पंच्याहत्तर. पंधरा कमी. आता आत आलात. छापू?"

"छापा, छापा," साडू म्हणाला.

"थांबा," ग्रॅमकाका म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली होती. बावीस वर्षांत साडेसातशेच्या वर टँकर त्यांनी मोजले होते. कधी आठ कमी, कधी बारा जास्त, कधी सतरा कमी. मीटर आणि काटा एकदाही तंतोतंत जुळले नव्हते. आणि आज काटा त्यांच्या डोळ्यांसमोर पायरी पायरीने त्या आकड्याकडे उतरत होता.

"दादा, अहो, वीसच्या आत आलं ना? आता कशाला?"

"बर्फ अजून आहे."

"बर्फ आहे, पण वजन बर्फाने उतरत नाहीये. हा गॅस चाललाय हवेत! तो काही तुमच्या टाकीत गेला नाही. तो माझ्या टँकरमधला उरलेला माल आहे."

"काट्याला ते कळत नाही."

"पण तुम्हाला कळतंय ना?"

एखादी गोष्ट आपल्याला कळू नये असं काकांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. फुस्स्स. सत्तर. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. फुस्स्स. पासष्ट. बर्फाची एक जाड ढलपी निसटून पत्र्यावर आपटली आणि काका चपळाईने धावले, ढलपी उचलून बाहेर फेकली आणि उडी मारून काट्यावरून खाली आले.

"साठ," काटेवाला म्हणाला.

"छापा!"

यंत्र करकरलं आणि चिठ्ठी बाहेर आली. भरलेला चोवीस हजार आठशे साठ, रिकामा वीस हजार आठशे साठ, माल चार हजार. मीटर चार हजार. फरक शून्य. ग्रॅमकाकांनी ती चिठ्ठी दोन्ही हातांत धरली. काटेवाल्यानेसुद्धा खिडकीतून मान बाहेर काढून ती पाहिली.

पाचला दहा मिनिटं असताना ते साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

साहेबांनी चष्मा लावला. मग काढला. मग पुन्हा लावला.

"शून्य?"

"शून्य, साहेब."

"दुपारी एकशे तीस होता."

"बर्फ होता, साहेब. आणि पाण्याचा कॅन. आणि..." काका थबकले. "आणि किरकोळ."

"आणि ते सगळं काढल्यावर बरोबर शून्य उरला." साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चेहरा आता समाधानी दिसत होता, आणि ते समाधान काकांना आवडलं नाही. "मी आधीच्या कारखान्यात शेकडो टँकर पाहिलेत. पाइप थंड करताना थोडा गॅस जातो, नळीत थोडा उरतो, वारा असतो, ऊन असतं. शून्य कधीच येत नाही. शून्य येतो तेव्हा तो कोणीतरी आणलेला असतो. तुम्ही दोघं साडू तीन तास काट्यावर बसून होतात, मी अधूनमधून खिडकीतून पाहत होतो. खरं सांगा, हा आकडा आपोआप आला की तुम्ही आणलात?"

खोटं बोलायची सवय नसली की माणसाची अशा वेळी फार पंचाईत होते. साहेब चुकीच्या वाटेने का होईना, पण अगदी बरोबर ठिकाणी येऊन पोचले होते.

"दहा मिनिटं देतो," साहेब म्हणाले. "जाऊन खरं वजन आणा. नाहीतर पत्रात दोन नावं जातील."

काका धावत काट्यावर आले. साडू पत्र्यापाशीच उभा होता. काकांचा चेहरा बघून त्याच्या हातातली पाण्याची बाटली निसटली.

"काय झालं?"

"फरक नाही म्हणून मानत नाहीत."

"म्हणजे? फरक असला तर तक्रार, नसला तरी तक्रार?"

"थोडा पाहिजे, म्हणतात. वीसच्या आतला."

"पण वीसच्या आतलाच तर होता! छापा, छापा म्हणत होतो मी!"

काकांनी खिडकीकडे बघितलं. काटेवाल्याने आकड्याकडे. या सगळ्या गडबडीत टँकर उभ्याउभ्या दोनदा फुसफुसला होता.

"वीस हजार आठशे पन्नास," काटेवाला म्हणाला. "म्हणजे माल चार हजार दहा. दहा किलो जास्त दिला."

"जास्त?" साडू चक्रावला. "मी जास्त दिला? दादा, पण खरोखर किती दिला मी?"

"ते आता वाटाण्यांनाच विचारा," काका म्हणाले. "छापा."

साहेबांनी नवी चिठ्ठी बराच वेळ न्याहाळली. उजेडात धरली. बोटावर काहीतरी मोजलं. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या.

"दहा जास्त. हं. हा खरा वाटतो." त्यांनी सही केली आणि लिहून ठेवलेलं तक्रारीचं पत्र फाडून टोपलीत टाकलं. उठून त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "बघा, प्रामाणिकपणे मोजलं की फरक येतोच!"

सव्वापाचला टँकर फाटकातून बाहेर पडला. वळणावर साडूने खिडकीतून हात काढून इतका हलवला की मागून येणाऱ्या सायकलवाल्याला वाटलं आपल्यालाच थांबवतोय, आणि तो थांबला. उद्या त्या माणसाची निवड होणार, यात आता शंका उरली नव्हती. परवापासून तो संध्याकाळी सहाला घरी असणार होता. ग्रॅमकाकांना त्याचा आनंद झाला, अगदी खरा आनंद झाला.

ते घरी जायला निघाले तेव्हा काटेवाल्याने त्यांना खिडकीतून हाक मारली.

"काका, एका टँकरच्या दोन चिठ्ठ्या ठेवता येत नाहीत. मघाची रद्द करावी लागेल. तुमची सही लागते."

काकांनी खिशातून ती शून्याची चिठ्ठी काढली. बावीस वर्षांतली ती एकमेव. काटेवाल्याने तिच्यावर 'रद्द'चा शिक्का मारला, हलक्या हाताने मारला, आणि रद्द चिठ्ठ्यांची वही पुढे सरकवली. चिठ्ठी क्रमांक, वेळ, सही असे रकाने होते आणि शेवटचा रकाना होता रद्द करण्याच्या कारणाचा. तो मोकळा ठेवायचा नाही असा नियम होता, आणि तो नियम खुद्द ग्रॅमकाकांनीच घालून दिला होता.

त्यांनी पेन हातात घेतलं. मग आपल्या वळणदार, एकसारख्या अक्षरांत त्यांनी लिहिलं : 'फरक आढळला नाही.'